तिसरी गाठ

त्या वर्षी खळ वाळली नाही.

पहिल्यांदा झालं ते एवढंच. नाताळच्या चांदणीला पतंगाचा कागद डकवायचा, तर गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवतात. कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. सकाळी कागद डकवला की दुपारच्या जेवणापर्यंत खळ टणक होते, आणि टिचकी मारली की कागद हलगीसारखा वाजतो. त्या वर्षी आगातने टिचकी मारली आणि काही वाजलंच नाही. बोट ओल्या कागदात रुतलं. दुसऱ्या दिवशी रुतलं. तिसऱ्या दिवशीही रुतलं.

आगात घाबरली. पण तिच्या घाबरण्याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण आगात रोजच घाबरायची.

फार वर्षं झाली याला. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावात वीज आली नव्हती, आणि आमच्या कांदळपाखाडीची सगळी घरं एका हाकेच्या टप्प्यात होती. पुढे खाडी, पलीकडे कांदळवन, मागे मिठागरं आणि मिठागरांच्या मागे चर्चचा मनोरा. नाताळला बाजारातून काही आणायची तेव्हा रीत नव्हती. जे टांगायचं आणि जे द्यायचं ते आपल्या हातचं असलं पाहिजे, असा नियम होता. कोणी करवंट्या घासून त्यांचे दिवे करायचं, कोणी माडाच्या पात्यांचे पोपट विणायचं, कोणी चिंध्यांची बाहुली शिवायचं. बाळ येशूच्या गोठ्यातल्या गवतासाठी घरोघरी परातीत नाचणी पेरलेली असायची. आणि चांदण्या करायची आगात. अख्ख्या गावाच्या चांदण्या ती एकटी करायची, कारण तिच्या हातची चांदणी वाऱ्यात सुटत नसे.

ती सुटत नसे, कारण आगात प्रत्येक जोडाला तीन गाठी मारायची.

सगळं जग दोन मारतं. चांदणीला लागतात बांबूच्या दहा कामट्या. पाचांची एक चांदणी, पाचांची दुसरी, मग दोघींना पाठीला पाठ लावून टोकं बांधायची आणि पोटात पाच आखूड खुंट्या सारायच्या, म्हणजे चांदणी फुगते. या एवढ्या जोडांना तीन-तीन गाठी म्हणजे दीडपट दोरा आणि दीडपट वेळ. शेजारची पास्कोलबाय दारातून जाता जाता म्हणायची, "अगो आगात, चांदणी बांधतेस की बैल?"

पास्कोलबायची जीभ तशी सगळ्यांसाठीच तिखट होती, पण आगातसाठी तिच्यात जास्तीचं मीठ होतं. "सावलीला सांग हळू चाल म्हणून," ती म्हणायची, "नाहीतर तू पळत सुटशील." लोक हसायचे. आगातही हसायची, आणि हसता हसता मागे वळून बघायची.

ती अशी का होती, याबद्दल दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं, ती जन्मली तेव्हा घरावर वीज पडली. कोणी म्हणतं, तिच्या आईला खाडीने नेलं ते तिने लहानपणी काठावर उभं राहून पाहिलं. मला दुसरी खरी वाटते, पण पहिली सांगायला सोपी, म्हणून तीच जास्त सांगतात. एवढं मात्र सगळे सांगतात, की आगातने बांधावरून खाली कधी पाय ठेवला नाही. लग्न होऊन पुन्हा खाडीकाठीच आली आणि खाडीचं पाणी पायाला लागू न देता राहिली. ती काम करायची तेही दाराला कडी लावून.

आत तिच्याबरोबर असायची मोनी, तिची मुलगी. नऊ वर्षांची. मोनी आईसारखी अजिबात नव्हती. तिचे गुडघे नेहमी चिखलाने भरलेले आणि खिशात कसला ना कसला जिवंत खेकडा. बाप, इनास, मिठाचा शिडाचा पडाव घेऊन महिना महिना बाहेर असायचा. त्यामुळे दोघीच. आणि कडी लावलेल्या त्या खोलीत, कामट्या सोलता सोलता, दोघींचा एक खेळ चालायचा.

"कामट्या किती?" आगात विचारायची.

"दहा!"

"चांदण्या किती?"

"दोन, पाठीला पाठ!"

"पोटात काय?"

"पाच खुंट्या!"

"पहिली गाठ?"

"कामटीसाठी!"

"दुसरी गाठ?"

"वाऱ्यासाठी!"

"आणि तिसरी?"

इथे मोनी आधी दाराकडे सरकायची, पळायच्या तयारीत, आणि मग खिदळत ओरडायची, "आय भिते म्हणून!"

आगात हातातली कामटी उगारायची. मारायची कधीच नाही. हा खेळ त्या चार भिंतींच्या बाहेर कोणी ऐकला नव्हता. हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती हाकवालीची.

पोर खाडीत उतरू नये म्हणून आगातने तिला हाकवाली सांगितली. आगातच्या आधी आमच्या गावात हाकवाली नव्हती, असं म्हणतात. एका भित्र्या बाईने आपल्या सगळ्या भीतीचा गोळा केला आणि त्याला नाव दिलं.

"खाडीवर कोणी तुझं नाव घेऊन हाक मारली तर ओ द्यायची नाही," आगातने सांगितलं.

"का?"

"हाकवाली असते ती. ओ दिली की नेते."

"आणि तूच मारलीस हाक, तर?"

"माझा आवाज काढते ती. माझा, तुझ्या बापाचा, पाद्रीबाबांचासुद्धा. एका वेळी दहा-दहा आवाज काढते. कोणाचाही येवो, ओ द्यायची नाही. बसायचं गप्प. श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही."

"दिसते कशी?"

आगातने एवढा विचार केला नव्हता. मग ती म्हणाली, "तिला हात नसतात."

मोनीने हातातल्या दोऱ्याची गाठ आवळली. "मग ती नाताळला काय बनवते?"

"काही नाही. म्हणून तर दुसऱ्यांच्या पोरी नेते."

त्यानंतर चार दिवस मोनी खाडीकडे फिरकली नाही. आगातला बरं वाटलं. भीती कामाला आली, असं तिला वाटलं.

आता त्या वर्षी खळ वाळेना, हे तर सांगितलंच. मग मीठ पाझरायला लागलं. मडक्याच्या तोंडाशी हात नेला की हाताला पाणी. मग खेकडे वर आले. कांदळातले लाल खेकडे बांध ओलांडून अंगणात आले आणि उंबऱ्यांशी येऊन बसले, जसं काही त्यांना आत यायचं होतं. आगात पास्कोलबायकडे गेली.

"खळ वाळत नाही, मावशी. मीठ सुटलंय. खेकडे आलेत. काहीतरी येतंय."

"येतंय तर," पास्कोलबाय म्हणाली, "नाताळ येतोय. खेकडे आले तर कालवण कर."

सगळी ओटी हसली. आगात घरी आली आणि तिने कडीला दोरा बांधला. तीन गाठी मारल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी, उजाडताना, ती उठली तेव्हा दोऱ्याच्या तीनही गाठी सोडलेल्या होत्या. कापलेल्या नव्हत्या, नीट एक-एक करून सोडलेल्या. जे हात त्या बांधायला शिकले होते, त्याच हातांनी.

मोनीची चटई रिकामी होती. कोपऱ्यातली टोपली नव्हती.

टोपली नाही म्हटल्यावर पोर कुठे गेली ते आगातला लगेच कळलं. खाडीच्या मधोमध एक शिंपल्यांचा उंचवटा आहे. ओहोटीला तो सुसरीसारखा वर येतो, म्हणून त्याला सुसरीची पाठ म्हणतात. गुलाबी शिंपले फक्त तिथेच मिळतात. मोनी चार दिवस विचारत होती, आय, तुला माळ आवडते का, कुठल्या रंगाची आवडते. नाताळला द्यायचं ते आपल्या हातचं असलं पाहिजे. पोरीकडे आईला द्यायला काही नव्हतं.

बांधाच्या टोकापासून सुसरीच्या पाठीपर्यंत कोयत्यासारखी वाकडी, घट्ट वाळूची वाट आहे. तीवरून चाललं तर ओहोटीला घोटा भिजत नाही. पण वाट सोडून सरळ गावाकडे यायला निघालात, तर मध्ये नाळ आहे. नाळ म्हणजे खाडीचा खोल गळा. तिथलं पाणी ओहोटीलाही आटत नाही, आणि तिथे गेलेला माणूस दोन भरत्यांनंतर कांदळात सापडतो. सापडला तर.

आगात बांधावर पळाली. चिखलात लहान पावलं उमटलेली होती, बोटं पुढे रोवलेली, घाईची. टोकापर्यंत गेली होती आणि तिथून खाली उतरली होती. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

आणि मग धुकं आलं.

आमच्याकडे डिसेंबरात धुकं पडतं, ते उन्हं आली की उठतं. हे तसं नव्हतं, असं म्हणतात. हे समुद्राकडून चालत आलं. भिंतीसारखं आलं, आवाज न करता, आणि ज्याच्यावरून गेलं ते नाहीसं झालं. आधी कांदळ गेलं. मग सुसरीची पाठ. मग होड्या, मग बांध, मग आगातचे स्वतःचे पाय. तिने हात डोळ्यांसमोर धरला, तर हात नव्हता.

"मोनी!" आगात ओरडली.

काही नाही.

"मोनी गो! मोनी!"

लोक आले. घराघरातून आले, भिंती चाचपत, एकमेकांचे पदर धरत. पास्कोलबाय आली, आणि त्या दिवशी तिच्या जिभेला धार नव्हती. पुरुषांनी होडी ढकलायला घेतली. मग म्हातारे म्हणाले, वेड लागलंय का, या धुक्यात होडी घातलीत तर पोरीवरच जाईल. म्हणून सगळे बांधावर उभे राहिले आणि हाका मारायला लागले. बायकांनी मारल्या, पुरुषांनी मारल्या, पाद्रीबाबांनी मारल्या. "मोनी! मोनी गो! ओ दे, बाय!" दहा आवाज. वीस आवाज. आणि जितक्या हाका वाढल्या तितकी खाडी गप्प होत गेली.

उलट एक भलतंच झालं. पलीकडच्या कांदळातून हाक आली. "मोनी…" बारीक, लांबलेली, बाईच्या आवाजातली. लोक थांबले. पुन्हा आली. "मोनी…" तो आवाज आगातचा होता, आणि आगातचं तोंड मिटलेलं होतं. कोणी म्हणालं, प्रतिध्वनी आहे, धुक्यात उशिरा येतो. पण ज्यांनी तो ऐकला त्यांनी गळ्यातले क्रूस मुठीत धरले.  आगातच्या मनात आलं, हाकवाली. मीच केली हिला. मीच नाव दिलं, आवाज दिला, आणि आता ती आली.

एवढ्यात पाण्याचा वास बदलला. खाडीकाठच्या माणसाला तो कळतो. भरती लागली होती. दुपारपर्यंत सुसरीच्या पाठीवर माणूसभर पाणी होणार होतं, आणि मोनी कमरेएवढीच होती.

मग मागे घंटा वाजायला लागली.

घंटा वाजवत होता बस्त्याव, एका कानाने बहिरा आणि दुसऱ्याने हट्टी. त्याने चांगल्यासाठीच वाजवली. पोर घंटेच्या रोखाने येईल, असं त्याला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. लोक म्हणाले, देवाने सुचवलं. फक्त आगात किंचाळली. घंटेचा मनोरा गावामागे होता, आणि सुसरीच्या पाठीवरून घंटेकडे सरळ चालत निघालं तर मध्ये नाळ होती.

जी बाई अंधाऱ्या खोलीत दिवा लावल्याशिवाय शिरत नसे, ती त्या आंधळ्या धुक्यातून मिठागरांच्या अरुंद बांधांवरून पळाली. दोन्ही बाजूंना खारं पाणी, पायाखाली शेवाळ. ती एकदाही पडली नाही, असं म्हणतात. मनोऱ्यात शिरून तिने चालती दोरी धरली आणि दोरीने तिला जमिनीवरून वर उचललं.

"थांबवा! बस्त्यावकाका, थांबवा!"

"काय?" बस्त्याव म्हणाला. "मोठ्याने वाजवू?"

तिने दोरीवर अंग टाकलं आणि घंटेचा आवाज तुटला. आजही आमच्याकडे धुक्यात घंटा वाजवत नाहीत. नाताळची मिस्सा असो की मयत.

ती बांधावर परत आली तेव्हा लोक हाका मारतच होते. ती उभी राहिली आणि ऐकत राहिली. माझा आवाज, तुझ्या बापाचा, पाद्रीबाबांचासुद्धा. एका वेळी दहा-दहा आवाज. कोणाचाही येवो, ओ द्यायची नाही. बसायचं गप्प. श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही.

"गप्प बसा," आगात म्हणाली. कोणी ऐकलं नाही. मग ती आयुष्यात पहिल्यांदा गावावर ओरडली. "गप्प बसा सगळे! पोर ऐकतेय. पोर सगळं ऐकतेय! मीच तिला ओ देऊ नको म्हणून शिकवलंय. आपण तिला हाकवाली वाटतोय!"

 पाणी चढत असल्याची बारीक कुजबुज तेवढी राहिली.

आगात घरात गेली आणि एक चांदणी घेऊन आली. करवंटीत तेल घातलं, वात लावली, दिवा चांदणीच्या उघड्या बाजूने आत ठेवला. हाकवालीला हात नाहीत, तिला चांदणी बनवता येत नाही. पोरीला चांदणी दिसली की पोर ओळखेल. बांधाच्या टोकाशी येऊन तिने चांदणी उंच धरली. लाल कागद क्षणभर पेटल्यासारखा दिसला. आणि मग, जी खळ चार दिवस वाळली नव्हती, ती सुटली. एक पाकळी गळाली, दुसरी गळाली, ओला कागद दिव्यावर बसला आणि दिवा विझला. आगातच्या हातात फक्त कामट्यांचा सांगाडा राहिला. त्याची एकही गाठ सुटली नव्हती.

तेव्हा ती दोर मागायला लागली.

होडीचा दोर आणला. त्याचं एक टोक तिने बांधावरच्या खुंट्याला बांधलं आणि एक आपल्या कमरेला. दोन्हीकडे तीन-तीन गाठी. मग तिने दोर पास्कोलबायच्या हातात दिला.

"सोडू नका, मावशी."

"तीन गाठी मारल्यास तू," पास्कोलबाय म्हणाली, आणि तिने दोर मनगटाला गुंडाळला. "सोडते म्हटलं तरी सुटणार आहे का, माझे बाय?"

आणि आगात, जिने खाडीचं पाणी कधी पायाला लागू दिलं नव्हतं, ती सांगाडा काखेत धरून बांधावरून खाली उतरली.

वाट दिसत नव्हती. ती पायाने शोधत गेली. घट्ट लागलं तर पुढे, मऊ लागलं तर मागे. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला, मग गुडघ्याला. प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं की खाली कोणाचा तरी हात आहे. दोर ताणला तेव्हा ती थांबली. वाट जिथून सुसरीच्या पाठीकडे वळते ती ही जागा. इथून आवाज आला, तर पोर वाटेवरून येईल. पण आवाज द्यायचा कसा? तिने तोंड उघडलं आणि मिटलं. नाव घ्यायचं नव्हतं. नाव कोणीही घेतं. खाडीवर दिवसभर सगळ्यांची नावं घेतली जातात. जे कोणी धुक्यात बसून ऐकत असेल, त्याला सगळी नावं पाठ असतील.

पण कडी लावलेल्या खोलीतलं त्याने काही ऐकलं नव्हतं.

आगातने कामट्यांचा तो सांगाडा छातीशी धरला, आणि धुक्याला विचारलं, "कामट्या किती?"

इथे थोडं थांबून, आम्ही आज काय करतो ते सांगायला हवं, कारण गोष्ट संपल्यावर ते सांगायची आमच्यात रीत नाही.

आजही नाताळच्या आदल्या दिवशी, भरती लागली की, कांदळपाखाडीतल्या बायका बांधाच्या टोकाशी जातात. आता पूल आहे, वीज आहे, चांदण्या बाजारात तयार मिळतात आणि आम्हीही आणतो. पण प्रत्येक घरची एक चांदणी हातचीच असते. तिला कागद लावत नाहीत. नुसत्या कामट्या, प्रत्येक जोडाला तीन गाठी. तिला आगातची चांदणी म्हणतात, आणि ती रस्त्याकडे न टांगता खाडीकडे टांगतात. बायका ती हातात धरून खाडीकडे तोंड करून विचारतात, कामट्या किती, आणि मागून घरांच्या उघड्या दारांतून पोरं ओरडतात, दहा! त्या दिवशी गावात कोणी कडी लावत नाही. आणि आमच्यात कोणी पोराला हाकवालीची भीती घालत नाही. कितीही त्रास देवो. एखादी नवी सून चुकून बोलून गेली, तर म्हातारी माणसं तिला जवळ बसवून ही गोष्ट सांगतात.

पोरं सगळी उत्तरं देतात. दहा, दोन, पाच, कामटीसाठी, वाऱ्यासाठी. पण तिसऱ्या गाठीला कोणी उत्तर देत नाही. बायका विचारतात आणि थांबतात. सगळं गाव श्वास धरून थांबतं. अगदी तान्ही पोरंसुद्धा तेव्हा रडत नाहीत, असं म्हणतात. ते उत्तर एकीचंच आहे, ते दुसऱ्याने द्यायचं नसतं.

तर आगातने विचारलं, "कामट्या किती?"

धुकं हललं नाही.

"चांदण्या किती?"

पाणी मांडीला आलं. मागे बांधावर पास्कोलबाय देवमाउलीचं नाव घेत होती, पण ओठातल्या ओठात.

"पोटात काय?"

पलीकडच्या कांदळातून आगातचाच आवाज परत आला. काय… काय… काय… तिने डोळे घट्ट मिटले. हाकवाली उत्तर देत नव्हती. तिला उत्तर माहीतच नव्हतं. ती फक्त विचारत होती. हे लक्षात आलं तेव्हा आगातच्या पोटातली भीती गेली नाही, पण ती एका बाजूला सरकली, असं म्हणतात, आणि आवाजाला जागा झाली.

"पहिली गाठ?" तिने विचारलं, आणि तिची बोटं सवयीने हलायला लागली. हातात दोरा नव्हता, तरी ती धुक्यातच गाठी मारत होती. लोक शपथेवर सांगतात, की जिथे जिथे तिची बोटं गेली तिथे तिथे धुकं चिमटीत धरल्यासारखं गोळा झालं, आणि बांधावरच्या माणसांना तिच्या डोक्यावर एक पांढरी चांदणी फुगताना दिसली. दिवा नसलेली, तरी उजळ.

"दुसरी गाठ?"

पाणी कमरेला आलं. कमरेएवढं. आगातला ते कळलं. आता विचारायला एकच उरलं होतं. त्याच्यानंतर तिच्याकडे काही नव्हतं. तिने श्वास घेतला. ती इतकी कापत होती की दोर कापत होता, आणि दोराबरोबर पास्कोलबायचे हात.

"आणि तिसरी?" आगातने हाक दिली. "सांग गो. तिसरी गाठ कशाला?"

 पाणी थांबल्यासारखं झालं. कांदळातूनसुद्धा आवाज परत आला नाही, असं म्हणतात.

आणि मग धुक्याच्या आतून, वाटेच्या बाजूने, थंडीने दात वाजत असलेला, रडवेला आणि जरासा रागावलेला एक बारीक आवाज आला:

"आय भिते म्हणून!"